जानकी ॲट एकशे एकतीस

आयटी हेड होण्यासाठी मनोजला मुलाखत द्यावी लागली नव्हती, लग्न करावं लागलं होतं.

भिवंडीजवळच्या वळ गावात बाळाराम केण्यांची गोदामं होती. जमीन त्यांच्या बायकोच्या, जानकीबाईंच्या माहेरची. म्हणून सगळ्या पसाऱ्याला ‘जानकी लॉजिस्टिक पार्क’ असं नाव दिलं होतं आणि फाटकावर जानकीबाईंचा फोटो लावला होता. मुलगी एकच, रुचिका. तिच्यासाठी मनोज तरे याचं स्थळ आलं तेव्हा तो कल्याणला मोबाइलच्या दुकानात बसायचा. लॅपटॉप फॉरमॅट करता येतो, एवढी एक गोष्ट बैठकीत त्याच्या मामानं सांगितली. केण्यांच्या घरात तेवढ्यावर तो इंजिनीअर ठरला. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत त्याला काचेची केबिन, फिरती खुर्ची आणि दारावर पितळेची पाटी मिळाली.

आता गोदामाला आयटी हेड कशाला, असं कुणाला वाटेल. पण पार्कचं एक वेब ॲप होतं. गोदामात माल ठेवणारे व्यापारी आपला किती माल शिल्लक आहे ते त्यावर बघायचे, आणि माल हलवायचा असला की त्यावरूनच गेटपास काढायचे. करार कधी संपतो, भाडं काय ठरलंय, कुणाच्या सहीनं माल सुटतो, सगळं त्यात. मितेश नावाच्या कल्याणच्याच एका पोरानं ते बनवलं होतं. काम झाल्यावर तो मनोजसमोर बसला आणि म्हणाला, “हा सगळा डेटा एका डेटाबेसमध्ये आहे. त्याचा मेन पासवर्ड तुम्ही आत्ताच टाका, म्हणजे माझा संबंध संपला.”

मनोज लॅपटॉप उचलून सरळ सासऱ्यांच्या केबिनमध्ये गेला. तिथं जानकीबाईही बसल्या होत्या. त्यांच्यासमोर उभं राहून, कीबोर्डवर एकेक बोट मोठ्या श्रद्धेनं ठेवत त्यानं पासवर्ड टाकला आणि वाचूनही दाखवला. “जानकी ॲट वन टू थ्री. आपल्या सगळ्या धंद्याची चावी आता तुमच्या नावाची, आई.”

जानकीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “बघा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “तुमाला इतक्या वर्सांत सुचला काय?”

त्या दिवसापासून मनोजला कळून चुकलं की आयटीत शिकण्यासारखं आता फारसं काही उरलेलं नाही.

त्याचा कारभार कडक होता. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो पासवर्ड बदलायचा. कुठल्याशा व्हिडिओत त्यानं ऐकलं होतं की मोठ्या कंपन्या असंच करतात. बदलायचा म्हणजे आकडा एकनं वाढवायचा. एकशे तेवीसचा एकशे चोवीस, मग एकशे पंचवीस. ॲपलाही हा पासवर्ड लागतोच; तो एका फायलीत लिहून ठेवलेला असतो आणि ॲप तो वाचून डेटाबेसचं दार उघडतं. मनोज आधी डेटाबेसचा पासवर्ड बदलायचा, मग चहा घ्यायचा, मग ती फाइल शोधायचा. तोवर ॲप बंद. फाटकावर ट्रकची रांग लागायची, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे, व्यापाऱ्यांचे फोन यायचे. मनोज काचेआडून ती रांग बघायचा आणि त्याला वाटायचं, बघा, एका माणसाच्या बोटावर एवढं सगळं अडलंय.

फायलीत हात घालण्याआधी तो तिची एक प्रत काढून ठेवायचा. काही बिघडलं तर? आणि सगळं नीट सुरू झाल्यावर पुन्हा एक. या प्रती त्याच फोल्डरमध्ये, साध्या टेक्स्ट फाइल म्हणून, कारण तशी फाइल डबल क्लिक केली की लगेच उघडते. नावं ‘कॉन्फिग जुना’, ‘कॉन्फिग खूप जुना’, ‘कॉन्फिग फायनल’, ‘कॉन्फिग फायनल खरा’ अशी. स्वतःच्या या दूरदृष्टीचं त्याला मनातून फार कौतुक होतं.

शिवाय सर्व्हर रूम होती. बोटाचा ठसा घेणारं कुलूप, चोवीस तास एसी. आत एक मोडेम, कॅमेऱ्यांचा डबा आणि रिकामं कपाट. खरा सर्व्हर भाड्याचा होता, मुंबईत कुठल्यातरी इमारतीत. तो मनोजनं कधी पाहिला नव्हता. पण आलेल्या व्यापाऱ्यांना तो ही खोली लांबून दाखवायचा आणि बूट काढून आत जायचा.

मितेश गेल्यावर ॲपची डागडुजी करायला कुणीतरी हवं होतं. भिवंडीतल्या बुबेऱ्यांची जोहा मुलाखतीला आली. तिच्या घरी दोन पिढ्या कापडाचे लूम होते. ही पोरगी कॉम्प्युटर इंजिनीअर होऊन ठाण्याला एका कंपनीत काम करून आली होती. रोजचा प्रवास टाळायचा म्हणून तिला जवळची नोकरी हवी होती. बाळारामशेठनी तिला ठेवून घेतली. मनोजनं तिला केबिनबाहेरचं टेबल दिलं. सर्व्हरचा ॲक्सेस दिला नाही. मितेशनं दिलेला कोड एका पेनड्राइव्हवर दिला.

पहिल्याच आठवड्यात ती त्याच्या दारात उभी राहिली.

“सर, दोन मिनिटं. आपलं ॲप रूटनं लॉगिन करतंय.”

“मग? रूट म्हणजे सगळ्यात मोठा यूजर. आपण मोठ्यानंच करतो.”

“तेच म्हणते मी. रूट काहीही करू शकतो. सगळा डेटा पुसूही शकतो. ॲपला फक्त माल बघायचा असतो आणि नोंद करायची असते. त्याच्यासाठी वेगळा यूजर बनवू, तेवढेच अधिकार असलेला. उद्या तो पासवर्ड कुणाच्या हाती लागलाच, तरी नुकसान थोडक्यात राहील.”

“कुणाच्या हाती लागेल? माझ्याकडे आहे तो.”

“तुमच्याकडे आहे, पण फायलीत पण आहे. आणि ती फाइल वेबसाइटच्याच फोल्डरमध्ये आहे. त्या फोल्डरमधलं बाहेरच्यांना दिसू शकतं, सर. ती बाहेरच्या जागी ठेवू, फक्त ॲपलाच वाचता येईल अशी. आणि डेटाबेसचं दार इंटरनेटवरून कुणालाही ठोठावता येतंय, ते बंद करू.”

ते दार मनोजनंच उघडं ठेवायला लावलं होतं. घरी सोफ्यावर बसून, पाहुण्यांसमोर, लॅपटॉपवर सगळा धंदा उघडून दाखवता यावा म्हणून. तो खुर्चीत मागे रेलला.

“जोहा, रूट म्हणजे काय? मूळ. मुळालाच हात घातला तर झाड उभं राहील का?”

“मी मेल टाकते,” ती म्हणाली.

तिनं मेल टाकला. काय करायचं, का करायचं, किती वेळ लागेल. ॲप अर्धा तासही बंद ठेवावं लागणार नाही, हेसुद्धा लिहिलं. मनोजनं त्यावर अंगठा टाकला. अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं’ असा होत नाही, ‘आलं’ असा होतो, हे जोहाला पुढे कळलं. तिनं पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, विषय कमिटीपुढे ठेवलाय. कमिटी म्हणजे तो आणि हिशेब बघणारा त्याचा चुलत सासरा. कमिटीनं विषय गणपतीनंतर घ्यायचं ठरवलं. कुठल्या गणपतीनंतर, ते ठरवलं नाही.

खरं म्हणजे मनोजला तिचं म्हणणं अगदीच कळलं नव्हतं असं नाही. अर्धं कळलं होतं. त्या अर्ध्यात त्याला दिसलं ते असं, की वेगळा यूजर, वेगळी फाइल, आणि मग पहिल्या सोमवारी करायला काहीच नाही. सासरे पाहुण्यांना सांगायचे, “पासवर्ड आमच्या जावयाकडं हाय.” ते वाक्य कानावर पडलं की त्याची छाती दोन बोटं पुढे यायची. मोबाइलच्या दुकानात त्याच्याकडे काय होतं? स्क्रीनगार्ड.

मग व्यापाऱ्यांना फोन यायला लागले.

आधी सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ द्यायच्या सामानाचा एक व्यापारी आला, बाळारामशेठच्या समोर बसला आणि म्हणाला, “शेठ, माझा करार पुढच्या महिन्यात संपतोय हे पडघ्याच्या चांगदेवला कसं माहीत? त्यानं मला फोन करून तारीख सांगितली. माझं भाडं सांगितलं. आणि स्वतःचं त्याच्यापेक्षा कमी सांगितलं.”

चांगदेवची गोदामं हायवेला लागून, पडघ्याच्या अलीकडे. नवी होती, अर्धी रिकामी. महिन्याभरात ती भरायला लागली, आणि भरत होती ती केण्यांच्या गिऱ्हाइकांनी. ज्याचा करार संपत आला त्यालाच नेमका फोन. ज्याची छपरातून गळतीची तक्रार ॲपवर नोंदवलेली, त्याला चांगदेव सांगायचा, “आमच्याकडं गळत न्हाय.”

बाळारामशेठनी जावयाला बोलावलं. “मनोजराव,” ते म्हणाले. ‘राव’ लागला की काहीतरी बिनसलंय हे घरात सगळ्यांना माहीत होतं. “आतला मानूस फुटलाय. हुडका.”

मनोजनं तपास हाती घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच पाटीला साजेसं काम आलं होतं. फाटकावर सगळ्यांचे मोबाइल जमा करायला लावले. जेवणाचे डबे उघडून बघायला सुरुवात झाली. हमालांच्या भाकऱ्या उलटसुलट करून पाहिल्या जाऊ लागल्या. सर्व्हर रूमच्या दाराला दुसरं कुलूप आलं. एका निवृत्त फौजदाराला सल्लागार नेमलं. त्यानं मोडेमभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं आणि “हं” म्हणाला.

कॅमेऱ्यात एकदा नामा दिसला. नामा रात्रपाळीचा जुना वॉचमन. सर्व्हर रूमच्या दाराशी तो बराच वेळ बसलेला होता. दाराच्या फटीतून एसीची हवा येते म्हणून बसतो, असं त्यानं सांगितलं. फौजदार पुन्हा “हं” म्हणाला. मनोजनं नामाला घरी बसवलं.

“सर,” जोहा म्हणाली, “त्या खोलीत काहीच नाही. नामाकाका आत जाऊन झोपले असते तरी काही चोरता आलं नसतं. सर्व्हरचे लॉग बघायला द्या मला. कोण कुठून आलं ते त्यात दिसेल.”

“लॉग कॉन्फिडेन्शियल आहेत.”

“मग तुम्ही बघा.”

लॉग कुठे असतात हे मनोजला माहीत नव्हतं. त्यानं विषय बदलला. आवाज जरा खाली आणून म्हणाला, “जोहा, वाईट वाटून घेऊ नकोस. सगळ्यांनाच विचारतोय. तुमच्या लोकांचं पडघ्याला येणं-जाणं असेल ना?”

तिनं हातातला पेन टेबलावर ठेवला.

“आहे ना, सर. माझी फुफी, म्हणजे आत्या, दिली आहे तिकडे. आणि तुमच्या सासूबाईंची बहीण पण तिथंच दिली आहे. दोघींना बोलवायचं का?”

मनोजनं एसी वाढवला.

त्यानंतर जोहानं त्याला विचारणं सोडलं. एका शुक्रवारी, बाहेरून काय काय दिसतं ते बघावं म्हणून तिनं आपल्याच मोबाइलवर पार्कचं नाव टाकून शोधलं. वर आलं ते तिनं उघडून वाचलं. लगेच मेल लिहिला, विषयात ‘अर्जंट’ लिहिलं, खाली लिंक दिली. बाळारामशेठनाही फोन केला, ते म्हणाले, “मनोजशी बोल, पोरी, मी कपडे घ्यायला आलोय.” मनोजही तिथंच होता, सासूबाईंच्या पिशव्या धरून. मोबाइल वाजला, त्यानं एका हातानं अंगठा टाकला.

कपडे रविवारच्या साखरपुड्यासाठी होते. जानकीबाईंच्या बहिणीच्या नातीचा, पडघ्यालाच. हॉल गच्च भरलेला. केण्यांच्या मानाप्रमाणे पुढचा सोफा, शेजारी मनोज आणि रुचिका. आणि नात्यातच असल्यामुळे चांगदेवचं घरही आलेलं. चांगदेव लांबूनच हात जोडून जेवायला सटकला. पण त्याची बायको तुळजा तशी नव्हती. मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची, पोटात काही न राहणारी. हळदीकुंकवाचं ताट घेऊन ती बायकांच्या रांगेतून येत होती. जानकीबाईंपाशी आली, वाकून पाया पडली आणि उभी राहताना खुदकन हसली.

“मावशी, यंदा कितवा नंबर चालू हाय?”

“कसला नंबर?” जानकीबाई म्हणाल्या.

“असा काय करता! जानकी ॲट एकशे एकतीस का बत्तीस झाला?”

मागच्या रांगेत कुणीतरी पदर तोंडाला लावला. एकीनं दुसरीला कोपर मारलं. जानकीबाईंना काहीच कळलं नाही, पण आपलं नाव घेऊन हसतात हे कळायला कॉम्प्युटर यावा लागत नाही.

मनोजच्या हातात गुलाबजामची वाटी होती. ती त्याला एकदम जड झाली.

“आमच्या पुतन्यानं तुमचा भाव बघाया मोबाइलवर तुमचा नाव टाकला,” तुळजा सरळ मनानं सांगत होती, “त तुमचा फोटो न्हाय आला, पन ह्यो पासवर्ड आला. आमी जाम हसलो. आता घरात कोनी कपाटाची चावी इसरला ना, का पोरा बोलतात, जानकी ॲट टाकून बघ.” आणि मग समोरच्यांचा चेहरा बघून तिचा आवाज विरत गेला. “तुमाला ठाव न्हवता?”

जानकीबाईंनी हळदीकुंकू लावून घेतलं. तिलाही लावलं. नवऱ्या मुलीला साडी दिली, बहिणीशी दोन शब्द बोलल्या. हायवेला लागल्यावर, दोन कंटेनरच्या मधे गाडी अडकली तेव्हा, पुढे बघतच त्या बोलल्या.

“जावयबापू. माजा नाव पडघ्याचे पोरांच्या तोंडी कसा गेला?”

“आई, तो म्हणजे टेक्निकल—”

“मराठीत सांगा.”

बाळारामशेठ आरशातून त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या डोक्यात दुसराच हिशेब चालू होता: फुटलेला माणूस सापडला होता, पण त्याला घरी बसवता येत नव्हतं, कारण तो घरचाच होता.

रुचिकानं खिडकीची काच खाली केली. मनोजनं तिच्याकडे आशेनं पाहिलं. ती म्हणाली, “मला लग्नात सांगितलं होतं, मुलगा इंजिनीअर आहे.”

सोमवारी सकाळी जानकीबाई स्वतः ऑफिसात आल्या. वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला येणारी बाई. तिला बघून फाटकावरच्या गार्डनं डबा तपासायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. त्या थेट जोहाच्या टेबलापाशी जाऊन बसल्या. मागोमाग बाळारामशेठ आले, त्यांच्या मागे मनोज.

“पोरी, माजा नाव कुठं दिसतो ते दाखव.”

जोहानं मोबाइल पुढे केला. पार्कचं नाव टाकलं. पहिल्यांदा वेबसाइट आली, मग नकाशा, आणि त्याखाली ‘कॉन्फिग फायनल खरा’. तिनं बोट लावलं. पांढऱ्या पडद्यावर साध्या अक्षरांत उघडलं: डेटाबेसचा पत्ता, यूजर रूट, पासवर्ड जानकी ॲट एकशे एकतीस. खाली-वर केलं तर बाकीच्या प्रतीही होत्या. जुना, खूप जुना, फायनल. एकशे तेवीसपासून सगळा इतिहास.

“हा कोनालाबी दिसतो?”

“जगात कुणालाही, काकी. शोधणाऱ्याला कुलूप तोडायची गरजच नाही. आपणच चावी फाटकाला टांगली होती.”

“कोनी टांगली?”

जोहा काही बोलली नाही. ती मोबाइलकडे बघत राहिली. तिला वाटलं असतं तर ती बोलू शकली असती. मेल होते, अंगठे होते. मनोजला ते गप्प राहणं बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

“मी,” तो म्हणाला. “सेफ्टीसाठी कॉपी काढल्या होत्या.”

“चांगदेवनं आपल्या डेटाबेसात शिरून माहिती काढली, हा गुन्हा आहे,” जोहा शेठना म्हणाली. “तक्रार करता येते.”

बाळारामशेठ ताठ झाले. “करूच. आत्ताच जातो चौकीवर.”

“तक्रारीत काय लिवाया लागंल?” जानकीबाईंनी विचारलं.

“काय गेलं, कसं गेलं. पासवर्ड काय होता, तेही विचारतील.”

“म्हंजी माजा नाव चौकीतबी लिवनार. मंग कोरटात वाचनार.” त्या उठल्या. “काय नको. पोरी, तुला काय करायचा ते आजच कर. माजा नाव त्यातना काढ.”

गोदामं रिकामी होत होती, धंदा पाण्यात चालला होता, जोहाचे मेल महिनोन्महिने पडून होते. पण यातल्या कशानंही जे हललं नव्हतं ते एका बाईच्या नावाची थट्टा झाल्यावर सकाळच्या चहाच्या आत हललं. कमिटीची बैठकसुद्धा घ्यावी लागली नाही.

जोहाला ॲक्सेस मिळाला. आधी तिनं त्या सगळ्या प्रती काढून टाकल्या. मग डेटाबेसचं बाहेरचं दार बंद केलं. आता आपल्या सर्व्हरशिवाय कुणालाच तिथं पोचता येणार नव्हतं, सोफ्यावरून तर नाहीच. ॲपसाठी वेगळा यूजर बनवला, वाचणं आणि नोंद करणं एवढेच अधिकार दिलेला. त्याचा पासवर्ड वेबसाइटच्या फोल्डरबाहेर, ॲपलाच वाचता येईल अशा फायलीत ठेवला. रूटचा पासवर्ड बदलला आणि लॉग बघितले. पडघ्याहून लोक नियमानं येत होते. केण्यांच्या स्वतःच्या ऑफिसपेक्षा जास्त वेळा. फाटकावर एकही ट्रक अडला नाही. मनोज काचेआडून बघत होता. बाहेर हॉर्न वाजत नव्हते, आणि त्याला फार एकटं वाटलं.

संध्याकाळी जानकीबाईंचा फोन आला. जोहानं स्पीकरवर घेतला.

“झाला?”

“झालं, काकी.”

“आता कोनाचे नावाचा हाय?”

“कुणाच्याच नाही. कॉम्प्युटरनंच बनवलाय. लांबलचक, नुसती अक्षरं आणि आकडे.”

“तुला पाठ हाय?”

“नाही.”

“मंग कोनाला ठाव?”

“कुणालाच नाही. सर्व्हरवर आहे, ॲप वाचतं. रूटचा एका बंद तिजोरीत ठेवलाय, अगदीच अडलं तर शेठ आणि मी मिळून उघडायचा.”

पलीकडून बाळारामशेठचा आवाज आला; ते शेजारीच बसले असावेत. “असा कसा? मालकाला ठाव न्हाय? मंग मालक कसला?”

“गप ऱ्हावा,” जानकीबाई म्हणाल्या. “तुमाला ठाव असता त तुमी काल हॉलमदी सांगितला असता.”

नामाला परत आणायचं काम जानकीबाईंनी मनोजवर टाकलं. तो नामाच्या घरी गेला तर कळलं, नामा पडघ्याला चांगदेवच्या फाटकावर लागलाय. मनोज तिथं गेला. नामानं त्याला ओळखलं, नमस्कार केला आणि स्टुलावरून उठून म्हणाला, “साहेब, मोबाइल जमा करा.”

“अरे नामा, मी तुलाच न्यायला आलोय.”

“ते बोलू. पयला मोबाइल.”

मनोजनं मोबाइल दिला. नामानं त्याचे खिसेही तपासले, सावकाश, वरचे आणि मागचे. मग म्हणाला, “मी न्हाय येनार, साहेब. इथं वॉचमनच्या खोलीला पंखा हाय.” आणि मोबाइल परत दिला.

जोहानं शेठना आणखी एक गोष्ट सांगितली होती. ज्या व्यापाऱ्यांची माहिती बाहेर गेली, त्यांना ते कळवायला हवं. बाळारामशेठना हे मुळीच पटेना. चूक झाली हे आपणहून सांगायचं? पण गिऱ्हाइकं तशीही विचारत होती. शेवटी त्यांनी मार्ग काढला. कळवायचं, पण समारंभ करून.

मंडप घातला. व्यापाऱ्यांना बोलावलं, बटाटेवडे आणि मसाला दूध ठेवलं. फलकावर ‘सुरक्षा संकल्प सोहळा’ असं लिहिलं होतं. निवृत्त फौजदाराला शाल दिली. कशाबद्दल ते त्यालाही कळलं नाही, पण त्यानं घेतली. जोहाला पुष्पगुच्छ दिला आणि स्टेजवरून तिचं नाव ‘जोया’ असं घेतलं. तिनं माइक हातात घेऊन दोनच वाक्यं सांगितली: तुमच्या करारांची माहिती बाहेर गेली होती, त्याबद्दल माफी, आणि ॲपवरचे तुमचे स्वतःचे पासवर्ड आजच बदला, नावापुढे आकडा जोडून बनवू नका. पहिल्या रांगेतल्या चौघांनी लगेच मोबाइल काढले, यावरून त्यांचे पासवर्ड काय होते ते सगळ्यांना कळलं.

मग बाळारामशेठ उभे राहिले. लिहून आणलेलं भाषण त्यांनी दोन ओळी वाचलं, चष्मा काढला आणि कागद खिशात घातला.

“आता मी सरळ सांगतो,” ते म्हणाले. “तुमचा माल जसा माज्या गोदामात हाय, तशी तुमची माहिती आता बंदोबस्तात हाय. पासवर्ड मना ठाव न्हाय. या पोरीला ठाव न्हाय. इतका पक्का काम झालाय, का आमच्या जावयालासुदा उघडता येनार न्हाय!”

सबंध कार्यक्रमात पडली नव्हती एवढी टाळी पडली. कुणी शिट्टी मारली. सायझिंगचा तो व्यापारी, जो पडघ्याला जायच्या बेतात होता, खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत म्हणाला, “बस, हेच ऐकायचं होतं. मी थांबतो.” त्याच्या मागचे दोघंही थांबतो म्हणाले.

स्टेजच्या कडेला मनोज उभा होता, छातीला आयटी हेडचा बिल्ला लावून. सगळे त्याच्याकडेच बघत होते. हात खिशात ठेवावेत की बाहेर, हे त्याला कळेना. मग त्यानंही टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आधी हळू, मग जोरात. एवढ्या सगळ्या सुरक्षेत आपला नेमका वाटा काय, ते पहिल्यांदाच कुणीतरी जाहीरपणे सांगितलं होतं.